पिवळं की करडं

केमीत डिसेंबरात दोनच्या आत दिवस मावळतो.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी दिवा लावून बसलेय,
समोर एक कादंबरी, चारशे बारा पानं,
आणि चिकटपट्टीची दोन रिळं:
पिवळं कुमारांचं, करडं प्रौढांचं.

प्रौढ. हा शब्द म्हणताना
माझे ओठ उगीचच आवळले जातात,
फोटो काढताना पोट आत घ्यावं तसे.

मार्केट्टा म्हणते, नायिकेचं वय बघ, झालं.
नायिका सतराची.
पण तिचं गाव असं, की दर हिवाळ्यात
मेलेली माणसं गोठलेल्या समुद्रावरून चालत येतात
नि जिवंतांची शिरगणती करतात.
एक जरी जास्त निघाला, तर घेऊन जातात.
अशा गावात सतरा म्हणजे किती,
हे कुठल्या तक्त्यात बघायचं?

मी पेन्सिल घेतली.
रक्त: पान सत्तर, पान एकशे चाळीस, मग मोजणं सोडलं.
चुंबनं दोन; दुसऱ्यात दातावर दात आपटतात.
एका रात्री कंदील विझतो
आणि पुढचा परिच्छेद थेट सकाळी उजाडतो.
शिव्या त्याच मुलखातल्या, एकीचाही अर्थ लागला नाही,
पण लागल्या.
ड्रॅगन नाही. (यावरून कुणीतरी तक्रार करणारच.)
इथवर पिवळंच.

मग पान तीनशे सहा.
लढाई संपलीय, मिठानं दार बुजवलंय,
नायिकेची आई भांडी घासतेय.
कप विसळून पालथे घालते. चार.
थांबते. एक उचलते.
पुन्हा तिथंच ठेवते.
अर्धं पान, एवढंच.

मी करड्या रिळाचं टोक नखानं शोधू लागले.
पोरांना रक्त कळेल, म्हटलं,
कप कसा कळणार.

तेवढ्यात सेएला आली, चौदाची,
दारापासून टेबलापर्यंत बर्फाचं पाणी सांडत.
"ते नवीन आलंय ना?"
पट्टीशिवाय पुस्तक बाहेर जात नाही, असा नियम आहे.
मीच लिहिलेला आहे.
दिलं.

नऊ दिवसांनी परत आलं. एकाच पानाचा कोपरा दुमडलेला.
मी रागावायला तोंड उघडलं
आणि पान बघितलं. तीनशे सहा.
"आमच्याकडे पण," ती जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढत म्हणाली,
"आता तीनच लागतात. बाबा अजून चार काढतो."
कोण गेलं, मी विचारलं नाही.
तिला बस गाठायची होती.

मग तौनो केम्पाइनेननं नेलं,
बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या इंजिनात एकतीस वर्षं काढलेला,
एका कानानं पार बहिरा.
चार दिवसांत परत.
म्हणाला, एवढी मेलेली माणसं चालतात
तर बर्फाला तडे कसे जात नाहीत,
हे लेखिकेनं सांगायला हवं होतं.
आणि अक्षर बारीक आहे.
आणि तो कंदील... इथं त्याचे कान लाल झाले,
बहिरा धरून दोन्ही.
"पुढचा भाग कधी येतोय?"
कपांचं नावसुद्धा काढलं नाही.
एकट्याच्या घरात किती कप लागतात,
हे त्याला पुस्तकातून कशाला कळायला हवं.
किंवा ते पान त्यानं चष्म्याविना उलटलं असेल.
मला काय माहीत.

मार्केट्टा दारातून डोकावते. अजून ठरलं नाही?
मी म्हणते, दोन प्रती घेऊ, एक इथं, एक तिथं.
ती हसते. पैशांचा विषय निघाला की
ती नेहमी आधी हसते.

तर ते पुस्तक परतीच्या गाडीवर आहे,
जिचं एक चाक कुरकुरतं.
त्याला कप्पा नाही, म्हणून ते कप्प्यात जात नाही,
आणि लोक गाडीवरूनच उचलून नेतात.
कालपासून पुन्हा दिसलेलं नाही.

रात्री घरी कोट काढताना
बाहीला पट्टीचा एक तुकडा चिकटलेला सापडला.
करडा.
चोपन्न चालू आहे मला,
म्हणजे तसं बरोबरच.
तरी ओढून काढला,
तर बोटाला चिकटून बसला.